विश्लेषण : एका छोट्या होडीतून युरोपच्या नद्या पालथ्या घालणारे ‘रॉब रॉय’ मॅकग्रेगर कोण होते? कोलाडच्या कयाकिंगशी त्यांचा काय संबंध?

पाऊस ओसरला की चिंचपोकळी, लालबाग, करी रोड भागातील तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोलाडचे बेत शिजू लागतात. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पहाटे निघायचे, मुंबई-गोवा महामार्गाने सुमारे १२० किलोमीटर जायचे, कुंडलिका नदीकाठी एक रात्र तंबूत काढायची आणि कयाक चालवायला शिकून रविवारी रात्री घरी परतायचे. एकट्याने छोट्या होडीत बसावे, नदीच्या धारेबरोबर जावे, काठावर मुक्काम करावा, ही कल्पना सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली ती दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनच्या एका वकिलाने. त्यांचे नाव जॉन मॅकग्रेगर. जन्मानंतर पाच आठवड्यांतच ते भर समुद्रात जळत्या जहाजावर सापडले होते आणि ते जहाज भारताकडे निघाले होते.

जन्मताच जलसमाधीची वेळ कशी आली?

जॉन मॅकग्रेगर यांचा जन्म २४ जानेवारी १८२५ रोजी इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या मुखाजवळील ग्रेव्हसेंड येथे झाला. वडील डंकन मॅकग्रेगर ब्रिटिश सैन्याच्या ३१व्या रेजिमेंटमध्ये मेजर होते. या तुकडीला बंगालमध्ये जायचे होते. त्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘केंट’ या जहाजावर सैनिक, त्यांच्या बायका, मुले आणि खलाशी असे सहाशेहून अधिक लोक चढले. त्यांत हे तान्हे बाळही होते.

बिस्केच्या उपसागरात वादळ सुरू झाले. १ मार्च रोजी तळघरातील सामान हलले आहे का, हे पाहण्यासाठी एक अधिकारी कंदील घेऊन खाली उतरला. दारूचे एक पिंप सुटले होते. जहाज हेलकावले, पिंप फुटले, कंदील पडला आणि सांडलेल्या दारूने पेट घेतला. जहाजावर बंदुकीची दारूही होती. आग विझवण्यासाठी कप्तानाने खालची दारे उघडून समुद्राचे पाणी आत घेतले. त्यामुळे स्फोट लांबला, पण जहाज बुडण्याचा धोका वाढला. वाचण्याची आशा सोडून मेजर मॅकग्रेगर यांनी वडिलांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि ती बाटलीत घातली. ही बाटली पुढे सुमारे दीड वर्षाने वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटाच्या किनाऱ्याला लागली.

सुदैवाने ‘कॅम्ब्रिया’ नावाचे एक छोटे जहाज जवळून जात होते. कॉर्नवॉलचे खाण कामगार घेऊन ते मेक्सिकोला निघाले होते. उसळत्या समुद्रात फेऱ्या मारणाऱ्या होड्यांतून पाचशेहून अधिक लोकांना त्यावर घेण्यात आले. वाचवल्या गेलेल्या पहिल्या काही जणांत मेजरसाहेबांचे बाळ होते. ऐंशीच्या आसपास माणसे मात्र दगावली. मॅकग्रेगर कुटुंब बंगालला पोहोचले नाही, पण मुलाच्या आयुष्यात पाणी कायमचे आले.

वकील होऊनही वकिली का केली नाही?

जॉन हुशार विद्यार्थी होते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनंतर ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. तेथे गणिताच्या अवघड परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणतात. मराठी वाचकांना हा शब्द रँग्लर परांजपे यांच्यामुळे परिचयाचा आहे. मॅकग्रेगर १८४७ मध्ये रँग्लर झाले. १८५१ मध्ये त्यांना बॅरिस्टरीची सनद मिळाली. यंत्रे आणि पेटंट कायदा हा त्यांच्या आवडीचा विषय होता. बोटी पुढे ढकलणाऱ्या पंख्यांच्या इतिहासाचाही त्यांनी अभ्यास केला.

घरची परिस्थिती चांगली असल्याने पोटासाठी वकिली करण्याची गरज नव्हती. त्यामुळे वेळ दोन गोष्टींत जाऊ लागला. एक प्रवास आणि दुसरी लंडनच्या गरीब मुलांची कामे. युरोप, इजिप्त, पॅलेस्टाइन, रशिया, उत्तर अमेरिका असा मोठा मुलूख त्यांनी तरुणपणीच पाहिला.

बूटपॉलिश करणाऱ्या मुलांशी त्यांचे काय नाते होते?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लंडनमध्ये हजारो मुले रस्त्यावर राहत होती. त्यांच्यासाठी फुकट शाळा चालवल्या जात. त्यांना ‘रॅग्ड स्कूल’, म्हणजे फाटक्या कपड्यांतील मुलांच्या शाळा म्हणत. लॉर्ड शाफ्ट्सबरी हे या चळवळीचे मोठे पाठीराखे होते आणि मॅकग्रेगर त्यांच्यासोबत काम करत.

१८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगभरातील उद्योगांचे प्रचंड प्रदर्शन भरले. लाखो पाहुणे येणार, रस्त्यांवर चिखल असणार, म्हणजे बूट पुसून देणारे लागणार, असा साधा हिशेब करून मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी या शाळांतील मुलांची ‘शूब्लॅक ब्रिगेड’ उभी केली. मुलांना गणवेश मिळाला, बसायची जागा ठरवून मिळाली. दिवसाच्या कमाईतील काही भाग मुलाच्या हातात, काही संस्थेकडे आणि काही त्याच्या नावावर बचत म्हणून, अशी वाटणी होती. प्रदर्शन संपले तरी ब्रिगेड चालू राहिली.

हे काम मॅकग्रेगर यांच्या आयुष्यातला जोडधंदा नव्हता. पुढे होडीमुळे नाव झाले, तेव्हा पुस्तके आणि व्याख्यानांतून आलेले पैसे ते अशाच संस्थांना देत राहिले. १८७० मध्ये लंडनमध्ये सार्वजनिक शिक्षणासाठी स्कूल बोर्ड स्थापन झाले, तेव्हा त्यावरही त्यांनी काम केले.

मग होडीकडे ते कसे वळले?

मॅकग्रेगर उत्तम नेमबाज होते. १८५९ नंतर इंग्लंडमध्ये स्वयंसेवक सैनिकांच्या तुकड्या निघाल्या, त्यात ते लंडन स्कॉटिश तुकडीत होते. मात्र रेल्वेच्या एका अपघातानंतर बंदूक स्थिर धरणे त्यांना जमेना. चाळिशीच्या उंबरठ्यावर आवडता छंद सुटला आणि नव्या छंदाचा शोध सुरू झाला.

उत्तर अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील मूळ रहिवाशांच्या हलक्या होड्या पाहिल्या होत्या. बर्फाळ उत्तरेतील इन्युइट लोकांच्या, वरून बंद असलेल्या कातडी होड्यांचीही त्यांना माहिती होती. इंग्लंडमधील नेहमीच्या वल्ह्याच्या होडीत माणूस पाठमोरा बसतो. तो मागे पडलेला किनारा पाहतो, पुढचा खडक पाहत नाही. वल्ही दोन्ही बाजूंना पसरलेली असल्याने अरुंद नदीत ती अडकतात. इन्युइटांच्या होडीत मात्र माणूस पुढे तोंड करून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे वापरतो. युरोपातील छोट्या, वळणावळणाच्या नद्यांसाठी हीच होडी योग्य, असे त्यांनी ठरवले.

‘रॉब रॉय’ ही होडी कशी होती?

१८६५ मध्ये लंडनच्या लँबेथ भागातील सर्ल यांच्या कारखान्यात ही होडी बांधली गेली. लांबी १५ फूट, रुंदी २८ इंच, खोली ९ इंच आणि वजन सुमारे ८० पौंड, म्हणजे ३६ किलो. सांगाडा ओकच्या लाकडाचा, तर वरचे झाकण देवदाराचे. वल्हे सात फुटांचे. वारा अनुकूल असेल तेव्हासाठी एक छोटी डोलकाठी आणि शीड. कमरेभोवती पाणी आत येऊ नये म्हणून जलरोधक कापड.

नाव ठेवले ‘रॉब रॉय’. स्कॉटलंडमधील मॅकग्रेगर कुळातील हा अठराव्या शतकातला बंडखोर लोकनायक. वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबरीमुळे तो घराघरांत पोहोचला होता. लवकरच लोक खुद्द जॉन मॅकग्रेगर यांनाच ‘रॉब रॉय’ म्हणू लागले.

येथे एक गोंधळ दूर करायला हवा. मॅकग्रेगर या होडीला ‘कनू’ म्हणत, आणि ब्रिटनमध्ये आजही हा शब्द ढोबळपणे दोन्ही प्रकारांसाठी वापरला जातो. आजच्या व्याख्येनुसार वरून उघडी आणि एका पात्याच्या वल्ह्याने चालणारी ती कनू, तर वरून झाकलेली आणि दुपाती वल्ह्याने चालणारी ती कयाक. त्या हिशेबाने ‘रॉब रॉय’ कयाकच होती.

१८६५ चा प्रवास कोणत्या नद्यांतून झाला?

जुलै १८६५ मध्ये मॅकग्रेगर थेम्समधून निघाले. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला इकडे मुंबईत शेअर बाजार कोसळला होता. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याने कापसाचे भाव पडले आणि पेढ्या बुडाल्या. नेमक्या त्याच वेळी हा वकील नऊ पौंड वजनाचे, म्हणजे जेमतेम चार किलोचे सामान घेऊन होडीत बसला होता.

बोटीने बेल्जियमला पोहोचल्यावर साम्ब्र आणि म्यूझ, मग जर्मनीत ऱ्हाइन आणि माइन, तेथून डॅन्यूब. डॅन्यूबच्या उगमाजवळील डोनाउएशिंगेनपासून ते उल्म शहरापर्यंत गेले. मग कॉन्स्टन्स, झुरिक, झुग आणि ल्यूसर्न ही सरोवरे, रॉइस आणि आर या स्वित्झर्लंडच्या वेगवान नद्या आणि शेवटी फ्रान्समधील मोझेल, मर्त, मार्न या नद्यांतून सीन आणि पॅरिस. सगळे मिळून सुमारे एक हजार मैल.

दोन नद्यांच्या मध्ये जमीन आली की काय? होडी बैलगाडीवर, गवताच्या गाडीवर, हातगाडीवर चढायची. रेल्वे असेल तर ती प्रवासी सामान म्हणून डब्यात जायची आणि त्यासाठी स्टेशनवर रोज नवी हुज्जत घालावी लागायची. या सफरीत मुक्काम बहुतेक वेळा काठावरच्या खानावळींत झाला. गावात होडी येताच ती पाहायला पोरांची झुंबड उडे.

नदी ‘वाचायला’ ते कसे शिकले?

त्यांना शिकवणारे कोणी नव्हते. ना प्रशिक्षक, ना क्लब, ना पुस्तक. जे शिकले ते पाण्यात शिकले आणि नंतर सविस्तर लिहून ठेवले. आज कोलाडच्या वाळूवर पहिल्या तासात जे सांगितले जाते, त्यातील बरेच त्यांच्या अनुभवात सापडते.

पहिली गोष्ट म्हणजे थांबून पाहणे. पुढे पाण्याचा आवाज वाढला आणि प्रवाह दिसेनासा झाला, तर होडी काठाला लावून चालत पुढे जायचे, पाणी नीट पाहायचे आणि मगच वाट ठरवायची. बंधारा असेल तर होडी उचलून पलीकडे न्यायची. पाणी उथळ आणि खडकाळ असेल तर खाली उतरून दोरीने ती सोडायची. मॅकग्रेगर कित्येकदा होडीवर बसल्या बसल्या पाय बाहेर काढत आणि खडकाला टेकवून होडी बाजूला सारत.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याच्या खुणा. दोन खडकांमधून खाली निमुळती होत गेलेली गुळगुळीत धार दिसली तर तेथे खोली आणि वाट असते. उलट टोक वरच्या दिशेला असलेली खूण म्हणजे पाण्याखाली लपलेला खडक. मोठ्या खडकाच्या मागे पाणी संथ होते, कधी उलटे वाहते. तेथे विसावा घेता येतो.

तिसरी गोष्ट, घाबरून वल्हे थांबवायचे नाही. होडी पाण्याच्या वेगानेच वाहत असेल तर ती वळत नाही. तिला दिशा देण्यासाठी पाण्यापेक्षा थोडे जलद किंवा थोडे हळू जावे लागते.

यातील सर्वात कठीण परीक्षा रॉइस नदीवर ब्रेमगार्टनजवळ झाली. तेथे त्यांना एका उभ्या लाटेत शिरावे लागले. होडीचे टोक पाण्याखाली गेले, लाट छातीवर आदळली आणि गळ्यापर्यंत पाणी आले. होडी उलटली नाही, पण हा प्रसंग त्यांनी शौर्यकथा म्हणून रंगवला नाही. आपण कुठे चुकीचा अंदाज बांधला, तेही सांगितले. त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून शिकता आले.

पुस्तकाचा परिणाम काय झाला?

१८६६ मध्ये ‘अ थाउजंड माइल्स इन द रॉब रॉय कनू’ हे पुस्तक आले आणि हातोहात खपले. त्यातील चित्रेही मॅकग्रेगर यांचीच होती. होडी कशी बांधावी, सामान किती घ्यावे, वल्हे कसे धरावे, हे सर्व त्यात होते. सुटीवर जायचे म्हणजे मोठा लवाजमा आणि खर्च, ही समजूत पुस्तकाने मोडली. एक माणूस, एक होडी आणि एक पिशवी एवढ्यात प्रवास होऊ शकतो, हे कारकून आणि शिक्षकांनाही पटले.

त्याच वर्षी लंडनजवळच्या रिचमंड येथे मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने ‘कनू क्लब’ स्थापन झाला. १८६७ मध्ये युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, त्याचे मानद प्रमुख झाले आणि १८७३ मध्ये क्लबच्या नावाला ‘रॉयल’ जोडले गेले. तो आजही सुरू आहे. १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्येही असाच क्लब निघाला.

फ्रान्सचे सम्राट तिसरे नेपोलियन यांनीही हे पुस्तक वाचले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी तेथील तरुणांमध्ये या खेळाची आवड निर्माण व्हावी, असा त्यांचा प्रयत्न होता. त्यासाठी मॅकग्रेगर २१ फुटांच्या शिडाच्या बोटीतून एकट्याने इंग्लिश खाडी ओलांडून गेले आणि तसेच एकट्याने परतले.

होडीतच झोपण्याची कल्पना कशी आली?

१८६६ मध्ये नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कच्या सफरीसाठी त्यांनी पहिल्यापेक्षा लहान आणि हलकी होडी बांधून घेतली. प्रत्येक सफरीनंतर काय जड झाले, काय निरुपयोगी ठरले, याचा हिशेब करून पुढची होडी सुधारायची, ही त्यांची पद्धत होती.

१८६८ मध्ये मध्यपूर्वेत जाताना प्रश्न वेगळा होता. तेथे नदीकाठी खानावळ मिळणार नव्हती. दलदलीत तंबू ठोकता येणार नव्हता. म्हणून नव्या होडीत आडवे होण्यापुरती जागा ठेवली गेली. रात्री होडी काठावर ओढायची, आत हवा भरलेली गादी पसरायची, वर कापडाचे छप्पर आणि मच्छरदाणी लावायची की झोपायची सोय झाली. सामान कोरडे, साप-विंचवांपासून थोडे संरक्षण आणि पहाटे लगेच निघता येई. नदीकाठच्या मुक्कामाचे आजचे अनेक नियम अशाच गरजेतून आले आहेत.

जॉर्डन नदीवर काय घडले?

ही त्यांची सर्वात धाडसी सफर. सुरुवात सुएझ कालव्यातून झाली. कालवा अजून खोदला जात होता. तो वाहतुकीला खुला झाला नोव्हेंबर १८६९ मध्ये. मुंबई बंदराचे नशीब ज्या कालव्याने पालटले, त्यात त्याआधी सुमारे वर्षभर ‘रॉब रॉय’ फिरून गेली होती. पुढे तांबडा समुद्र, नाईलचा त्रिभुज प्रदेश, बैरूत, दमास्कसजवळच्या नद्या आणि मग जॉर्डनचा उगम.

हुला सरोवराच्या वरच्या दलदलीत स्थानिक अरबांनी त्यांना अडवले. अनोळखी माणूस, अनोळखी होडी. संशय येणे स्वाभाविक होते. मॅकग्रेगर होडीतून उतरेनात, तेव्हा त्या लोकांनी होडी त्यांच्यासकट खांद्यावर उचलली आणि शेखच्या तंबूपाशी नेली. तेथे बोलणी, आर्जवे, देणेघेणे झाल्यावर सुटका झाली.

त्यानंतर लव्हाळ्यासारख्या उंच पपायरसच्या जंगलातून जॉर्डन सरोवराला नेमकी कुठे मिळते, याची पाहणी त्यांनी केली. काठावरून हे दिसणे शक्य नव्हते. छोट्या होडीमुळे नकाशात भर पडली. पुढे गॅलिलीच्या सरोवराची त्यांनी होडीतून पाहणी केली. १८६९ मध्ये आलेल्या ‘द रॉब रॉय ऑन द जॉर्डन’ या पुस्तकालाही मोठा वाचकवर्ग मिळाला.

अखेरची वर्षे कशी गेली?

या सफरींवर मॅकग्रेगर व्याख्याने देत. व्यासपीठावर खरी होडी असे, आत झोपायचे कसे याचे प्रात्यक्षिक होई. प्रेक्षक हसत आणि शिकत. मिळकत धर्मादाय संस्थांना जात असे. १८७३ मध्ये अ‍ॅडमिरल कॅफिन यांची कन्या अ‍ॅनी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या. पुढे प्रकृती ढासळली. १६ जुलै १८९२ रोजी बोर्नमथजवळील बॉस्कम येथे, वयाच्या ६७व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या कर्तृत्वाची दुसरी बाजू कोणती?

मॅकग्रेगर यांना अनेकदा आधुनिक कयाकिंगचे जनक म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. कयाक हजारो वर्षांपासून उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांनी शिकारीसाठी घडवली आणि परिपूर्ण केली. उलटलेली कयाक पाण्यातच पुन्हा सरळ करण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. मॅकग्रेगर यांची होडी त्यासाठी बनलेली नव्हती. युरोपीय माणसाला हे तंत्र जमायला १९२७ साल उजाडले. ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटा यांनी ध्रुवप्रदेशाविषयीची वर्णने वाचून ते आत्मसात केले.

मॅकग्रेगर कट्टर धर्मप्रचारकही होते. होडीतील मोजक्या सामानात धर्मपत्रिका असत आणि त्या ते वाटेत वाटत. साम्राज्याच्या काळातील इंग्रज माणसाचा वरचढपणा त्यांच्या लेखनात, विशेषतः मध्यपूर्वेच्या वर्णनांत, जागोजागी दिसतो. त्यांच्यापाशी वेळ होता, पैसा होता आणि अडचणीत पाठीशी उभी राहणारी सत्ता होती. ज्या बूटपॉलिशवाल्या मुलांसाठी ते राबले, त्यांना असा प्रवास परवडणारा नव्हता.

तरीही त्यांचे श्रेय उरतेच. त्यांनी कौशल्य गुपित ठेवले नाही. होडीची मापे, चुका आणि युक्त्या सर्वांसाठी खुल्या केल्या.

त्यांच्यानंतर हा प्रवाह कुठे पोहोचला?

‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८७६ मध्ये मित्रासोबत अशाच होड्यांतून बेल्जियम-फ्रान्सचे जलमार्ग पालथे घातले. त्यावरचे पुस्तक हेच त्यांचे पहिले प्रवासवर्णन. वॉरिंग्टन बेडन-पॉवेल हे या खेळातील नामवंत. स्काउट चळवळ सुरू करणारे रॉबर्ट हे त्यांचे धाकटे भाऊ. तंबू घेऊन मौजेखातर मुक्कामाला जाण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रुजवणारे शिंपी थॉमस हायरम होल्डिंग हेही आधी होडीतून मुक्काम करत फिरले आणि मग सायकलकडे वळले.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत घडी घालून पिशवीत नेता येणारी कयाक तयार झाली आणि कामगारांनाही हा खेळ परवडू लागला. अशाच एका घडीच्या कयाकमधून ऑस्कर स्पेक हा हॅम्बर्गचा बेरोजगार तरुण १९३२ मध्ये उल्महून निघाला. हेच ते डॅन्यूबकाठचे शहर, जेथपर्यंत मॅकग्रेगर आले होते. युफ्रेटिस, इराणचा किनारा, कराची, मुंबई, गोवा असा प्रवास करत, श्रीलंकेला वळसा घालून तो १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यानेही हा वारसा जवळून पाहिला आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये कयाकिंगला पदकांचा खेळ म्हणून स्थान मिळाले.

कोलाडला जाणाऱ्यांनी यातून काय घ्यावे?

आधी पाणी कुठून येते ते समजून घ्यावे. कुंडलिकेच्या या पट्ट्यातील वेगवान पाणी पावसाळा संपल्यावरही मिळते, ते मुळशी धरणामुळे. हे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली भिरा येथील वीजकेंद्रात येते आणि वीज तयार झाल्यावर नदीत सोडले जाते. याच धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला होता. मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि त्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईच्या उद्योगांना मिळाली. गिरणगावातील नातवंडे आज त्याच पाण्यावर वल्हे मारायला जातात.

पाणी सोडले की नदीची पातळी झपाट्याने वाढते. म्हणून तंबू कोरड्या दिसणाऱ्या पात्रात किंवा अगदी काठाशी ठोकू नये. पाणी कधी सुटणार, हे स्थानिकांना विचारल्याशिवाय नदीत उतरू नये. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट नीट बांधलेले असावे. पोहता येते म्हणून ते टाळणे हा सर्वात महागात पडणारा आत्मविश्वास.

नवशिक्याने पहिला दिवस संथ पाण्यातच घालवावा. वल्ह्याचा फटका, वळणे, थांबणे आणि सर्वात आधी उलटलेल्या कयाकमधून शांतपणे बाहेर पडणे शिकावे. धारेत पडल्यास पाठीवर तरंगावे, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवावेत. वेगवान पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय खडकांत अडकला तर पाणी माणसाला खाली दाबते. पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाझुडपांपासून लांब राहावे. त्यातून पाणी जाते, माणूस जात नाही. दारू पिऊन पाण्यात उतरणे तर कायमचे टाळावे. पावसाळ्यात दरवर्षी नद्या, धबधबे आणि धरणांवर मुंबई-पुण्याच्या तरुणांचे जीव जातात. त्यात नदीच्या ताकदीपेक्षा तिच्याविषयीच्या अज्ञानाचा वाटा मोठा असतो.

मॅकग्रेगर यांच्या काळात प्रशिक्षक नव्हते, म्हणून त्यांना प्रत्येक धडा जीव पणाला लावून शिकावा लागला. आज तो धडा एका रात्रीच्या मुक्कामात, जाणकाराच्या देखरेखीखाली मिळतो. त्यांची सर्वात उपयोगी सवय मात्र आजही विकत मिळत नाही. पुढचे पाणी दिसत नसेल, तर होडी काठाला लावायची, उतरायचे, पाहायचे, आणि गरज पडली तर ती खांद्यावर घेऊन चालू लागायचे. असे करून ते हजार मैल गेले आणि सुखरूप घरी परतले.